फुगलेली बॅटरी आणि रिपेअरिंगचं छोटं दुकान

माझ्या फोनची बॅटरी फुगली. रिपेअरिंगवाल्या दादाने ती काढायला थेट लोखंडी स्क्रूड्रायव्हर घातला, मी दोन पावलं मागे!

लिथियम-आयन बॅटरीत दोन इलेक्ट्रोडच्या मध्ये केसाहून पातळ पडदा असतो. तो फाटला की आतच शॉर्ट सर्किट होतं, उष्णता वाढते, त्या उष्णतेने रासायनिक क्रिया अजून वेग घेते. यालाच थर्मल रनअवे म्हणतात. आतलं इलेक्ट्रोलाइट ज्वालाग्राही, धूर विषारी. एवढ्याशा गाळ्यात पळणार कुठे?

उपाय स्वस्त आहेत. चार्जिंग 25 टक्क्यांखाली उतरल्यावरच फोन उघडायचा, प्लॅस्टिकची पट्टी वापरायची, हाताशी कोरड्या वाळूची बादली ठेवायची.

दादा म्हणाला, "वाळू कुठून आणू?" शेजारीच बांधकाम चालू होतं. बादलीभर आणली, उन्हात वाळवली.