जुनी आवृत्ती आधी काढावी काय?

सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसविण्यापूर्वी जुनी काढून टाकावी काय, असा प्रश्न अनेकांना पडतो. त्याचे उत्तर शोधताना एक भेद ध्यानी घेतला पाहिजे: सॉफ्टवेअर निराळे आणि त्याच्या साहाय्याने साठविलेली माहिती निराळी.

फायरफॉक्समधील वाचनखुणा मूळ कार्यक्रमापासून अलग फोल्डरात राहतात. नवी आवृत्ती जुनीची जागा स्वतःच घेते. आधी काही काढण्याचे प्रयोजन नसते.

माहितीसंग्रह सांभाळणाऱ्या पोस्टग्रेस्क्यूएलची गोष्ट वेगळी. १५.१ वरून १५.२ वर जाताना साठवणीची रचना तीच राहते. कार्यक्रम तेवढा बदलला की पुरे. परंतु १५ वरून १६ वर जाताना जुना संग्रह नव्या आवृत्तीस जसाच्या तसा चालत नाही. तो रूपांतरित करणाऱ्या ‘पीजी_अपग्रेड’ या साधनास जुना व नवा असे दोन्ही कार्यक्रम हजर लागतात. जुना आधीच काढला, तर माहिती तबकडीवर शाबूत असूनही हाती येत नाही. ती मिळविण्यासाठी तोच जुना कार्यक्रम पुन्हा बसवावा लागतो.

यास्तव क्रम असा ठेवावा: प्रथम माहितीची प्रत अन्यत्र काढावी, निर्मात्याच्या सूचना वाचाव्यात आणि जुनी आवृत्ती आधी काढण्यास त्यांत स्पष्ट सांगितले असेल तरच काढावी. एरवी नवी बसवून, माहिती नीट उघडते याची खात्री झाल्यावरच जुनीस निरोप द्यावा. नव्या विहिरीस पाणी लागल्यावाचून जुनी कोणी बुजवीत नाही.