पाच वर्षांची हमी, पण मागे पैसा कुणाचा?

कोल्हापुरात नव्या फ्लॅटची खरी परीक्षा पहिल्या पावसाळ्यात होते. आषाढात झड लागली की टेरेसचा कोबा, बाथरूमचे सांधे आणि पश्चिमेची भिंत काय ताकदीची आहे ते कळतं. ओल येते, रंगाचे पापुद्रे सुटतात आणि बिल्डरला फोन सुरू होतात. "माणूस पाठवतो," असं उत्तर येतं. माणूस येतोही, वॉटरप्रूफिंगचा एक हात मारून जातो. पुढच्या वर्षी तोच डाग पुन्हा उमटतो.

कायदा इथे घरमालकाच्या बाजूने उभा आहे. २०१६ च्या रेरा, म्हणजे स्थावर संपदा (नियमन व विकास) कायद्याचं कलम १४(३) सांगतं की ताबा दिल्यापासून ५ वर्षांत बांधकामाच्या सांगाड्यात, कारागिरीत, दर्जात किंवा सोयीसुविधांत दोष आढळला आणि तो बिल्डरच्या नजरेस आणून दिला, तर त्याने ३० दिवसांत स्वखर्चाने दुरुस्ती करायची. केली नाही तर भरपाई द्यायची. "चूक ठेकेदाराची आहे, त्याच्याशी बोला," असं सांगून ग्राहकाला टोलवता येत नाही. महाराष्ट्राच्या १९६३ च्या मोफा या फ्लॅट मालकी कायद्यातही अशी तरतूद होती, पण मुदत ३ वर्षांची. महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून महारेराकडे, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाकडे, ऑनलाइन तक्रार करता येते.

मात्र या छत्रीखाली सगळे येत नाहीत. जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत किंवा फ्लॅट आठपर्यंत असतील, तर प्रकल्पाची रेरा नोंदणी सक्तीची नाही. ५०० चौरस मीटर म्हणजे जेमतेम पाच गुंठे. कोल्हापूरच्या पेठांमधला जुना वाडा पाडून उभी राहणारी तीन मजली इमारत किंवा उपनगरात दोन भावांच्या प्लॉटवर झालेलं सहा फ्लॅटचं अपार्टमेंट सहज या मापात बसतं. मोठ्या टाऊनशिपच्या ग्राहकाला जे संरक्षण मिळतं, ते या छोट्या इमारतींना त्याच सहजतेने मिळत नाही. मध्यमवर्गीय माणसाची आयुष्यभराची पुंजी मात्र दोन्हीकडे सारखीच अडकलेली असते.

स्वतःच्या प्लॉटवर ठेकेदाराकडून बंगला बांधून घेणाऱ्याचा मार्ग वेगळा. लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्येच घरबांधणी ही ग्राहक कायद्याखालची सेवा ठरवली. त्यामुळे मटेरियलसह काम घेतलेल्या ठेकेदाराविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत जावं लागतं, आणि तिथे प्रश्न पुराव्याचा येतो. चौरस फुटाचा दर वहीच्या पानावर लिहून सुरू झालेल्या कामात सिमेंट कोणतं, सळई किती मिलिमीटरची, वॉटरप्रूफिंग कुणाकडे, हे सिद्ध कसं करायचं?

निकाल बाजूने लागला तरी पैसे हाती पडतीलच असं नाही. रेराच्या आदेशाची रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. म्हणजे वसुली जिल्हाधिकाऱ्यांमार्फत. पण पुष्कळदा प्रत्येक प्रकल्पासाठी वेगळी भागीदारी संस्था काढलेली असते. इमारत विकली गेली, भागीदार पांगले, की संस्थेच्या नावावर जप्त करण्याजोगं फार काही उरत नाही. खरी पोकळी इथे आहे, आणि ती विम्यानेच भरून निघू शकते.

"आमचा विमा आहे," असं अनेक बिल्डर सांगतात आणि ते खोटं नसतं. कामगारांच्या अपघाताच्या भरपाईसाठी पॉलिसी असते. 'कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क' पॉलिसीत काम चालू असताना झालेलं नुकसान किंवा शेजाऱ्याची पडलेली भिंत येते. परंतु निकृष्ट काम पुन्हा करून देण्याचा खर्च त्यात साधारणपणे वगळलेला असतो, आणि काम संपलं की ही पॉलिसीही संपते. आर्किटेक्ट आणि आरसीसी कन्सल्टंट व्यावसायिक दायित्वाचा विमा घेऊ शकतात. पण सहसा दावा दाखल होईल त्या वेळी पॉलिसी चालू असावी लागते. थोडक्यात, चौथ्या वर्षी गळणाऱ्या स्लॅबला यातली एकही पॉलिसी सहसा उपयोगी पडत नाही.

रेराच्या कलम १६ मध्ये विम्याची तरतूद आहे. जमिनीची मालकी आणि बांधकाम यांचा विमा बिल्डरने काढायचा, हप्ता त्यानेच भरायचा आणि करार होताच लाभ ग्राहकाकडे जायचा. पण सक्ती तेवढ्याच विम्याची, जेवढा सरकार अधिसूचनेने ठरवेल. कलमाचा सगळा जोर त्या अधिसूचनेत आहे.

फ्रान्सने हा प्रश्न १९७८ च्या स्पिनेटा कायद्याने सोडवला. तिथे बांधकाम करणाऱ्यांवर १० वर्षांची जबाबदारी आणि तिचा विमा सक्तीचा. शिवाय बांधून घेणाऱ्याने काम सुरू होण्याआधी वेगळी पॉलिसी काढायची, जी घराबरोबर नव्या मालकाकडे जाते. गंभीर दोष निघाला की विमा कंपनी आधी दुरुस्तीचे पैसे देते आणि दोष कुणाचा याचं भांडण नंतर स्वतः लढते. घरमालकाला ओल्या भिंतीखाली बसून निकालाची वाट पाहावी लागत नाही. विमा कंपनीचे पैसे अडकणार असल्याने बांधकामावर तिचीही नजर राहते. कोल्हापूरसारख्या छोट्या इमारतींच्या शहराला अशीच व्यवस्था हवी.

१० वर्षांच्या मुदतीमागे तांत्रिक कारणही आहे. भारतीय मानक आयएस ४५६ नुसार कॉलमच्या सळईवर सहसा किमान ४० मिलिमीटर काँक्रीटचं आवरण लागतं, आणि साध्या सिमेंटला निदान ७ दिवस, मिश्र सिमेंटला १० दिवस पाणी मारावं लागतं. यात कसूर झाली तर ती ताब्याच्या दिवशी दिसत नाही. ओलावा आत शिरतो, सळई गंजून फुगते आणि गिलावा फोडून बाहेर येते, तोवर बरीच वर्षं गेलेली असतात. महाडची 'तारिक गार्डन' ही पाच मजली इमारत २४ ऑगस्ट २०२० रोजी कोसळून १६ माणसं गेली. ती काही पडायला आलेली जुनी चाळ नव्हती. बिल्डर, आर्किटेक्ट, आरसीसी सल्लागार आणि नगरपालिकेचे अधिकारी यांच्यावर गुन्हे दाखल झाले. उद्ध्वस्त झालेली घरं फौजदारी खटल्याने परत उभी राहत नाहीत.

व्यवस्था बदलेपर्यंत ग्राहकाच्या हाती कागद आहेत. आरसीसी ड्रॉइंग, काँक्रीटच्या क्यूब टेस्टचे अहवाल, स्लॅब ओतण्याआधीचे सळईचे फोटो आणि असलेल्या पॉलिसींच्या प्रती मागून घ्याव्यात. ओल दिसली की फोनवर न थांबता तारखेसह लेखी कळवावं आणि पोच घ्यावी. भोगवटा प्रमाणपत्राबरोबर ताबापत्रही जपून ठेवावं, कारण रेराची ५ वर्षं ताब्याच्या तारखेपासून मोजली जातात.