काजव्यांचा वंश आणि शेताचा बांध

मृग नक्षत्र जवळ आले व वळवाच्या एकदोन सरी पडल्या, की सह्याद्रीच्या कुशीत काजवे दिसू लागतात. अकोले तालुक्यात भंडारदरा व पुरुषवाडी येथे हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशी झाडेच्या झाडे त्यांच्या प्रकाशाने उजळून निघतात. पनवेल तालुक्यातील नावडे येथील स्थिती निराळी आहे. एका अंगास तळोज्याची औद्योगिक वसाहत, दुसऱ्या अंगास उंच इमारतींची नवी वस्ती आणि त्यांच्या बेचक्यात जुन्या भातखाचरांचे तुकडे. अशा गावी शेतकऱ्याने काजव्याचा विचार का करावा, असा प्रश्न कोणीही विचारील.

शेतकऱ्याचा मूक मदतनीस

काजवा हा भुंगेऱ्यांच्या गणातील कीटक होय. जगात त्याच्या २००० हून अधिक प्रजाती आहेत. प्रौढ काजवा काही आठवडेच जगतो. आयुष्याचा बहुतेक काळ, पुष्कळ प्रजातींत एक वर्ष किंवा त्याहूनही अधिक, अळीच्या रूपाने ओल्या मातीत व पालापाचोळ्यात जातो. अनेक प्रजातींची अळी गोगलगायी खाऊन वाढते. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड व धाराशिव जिल्ह्यांत गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली, हे शेतकरी विसरलेले नाहीत. एवढा मोठा प्रादुर्भाव काजव्याची अळी एकटी आवरील असे नव्हे. परंतु निसर्गाने दिलेला हा शत्रुकीटकांवरील पहारा आपल्याच हाताने उठवणे शहाणपणाचे नाही.

वंश दुबळा कसा होतो?

एकाच वाडीतील शेळ्यांची पैदास बाहेरचा बोकड न आणता पिढ्यानपिढ्या केली, तर करडे अशक्त निपजतात, हे प्रत्येक शेळीपालक जाणतो. काजव्यांचेही तसेच आहे. अनेक प्रजातींतील मादीला उडता येत नाही. ती जमिनीवरूनच प्रकाशाची खूण देते आणि नर तिचा शोध घेतो. त्यामुळे अशा प्रजाती फार दूर पसरत नाहीत. मध्ये रस्ता, भिंत वा दिव्यांची रांग आली, की एका ठिकाणचे काजवे दुसऱ्या ठिकाणच्या काजव्यांपासून तुटतात. लहान व एकाकी समूहात आनुवंशिक विविधता घटत जाते. विविधता घटली, की अवर्षण, रोग वा उष्णता सोसणारे गुणही नाहीसे होऊ शकतात. एकाच वाणाची लागवड केलेल्या शिवारावर करपा आला, तर जी गत होते, तीच येथे समजावी.

पांढऱ्या प्रखर दिव्याखाली मादीची खूण नराला दिसत नाही. जोडी जमत नाही व पुढील पिढी घटते. म्हणून अधिवासाचा नाश, कृत्रिम प्रकाश आणि कीटकनाशके हे काजव्यांचे तीन मोठे शत्रू मानले जातात.

काय करता येईल?

१. बांध उघडे करू नयेत. बांधावरील झाडे, झुडपे व पालापाचोळा राखावा. खाचर ते ओढा व ओढा ते डोंगर अशी हिरवी साखळी राहिली, तर तुटलेले समूह पुन्हा जोडले जातात.

२. राब भाजताना आग रोपवाटिकेच्या वाफ्यापुरतीच ठेवावी. एप्रिल-मे महिन्यांत बांधावर वा गवतात पसरलेला वणवा मातीतील अळ्या व कोष यांचा नाश करतो.

३. गोगलगायी थोड्या असल्यास सायंकाळी ओले गोणपाट पसरून ठेवावे व सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी वेचून मिठाच्या पाण्यात टाकाव्यात. विषारी आमिष वापरणे भागच पडले, तर ते प्रादुर्भावाच्या जागीच वापरावे.

४. मे अखेर ते जून या काळात शेतघर व गोठ्याचा दिवा गरजेपुरताच लावावा. त्यास झाकण घालून प्रकाश खाली पडेल असे करावे.

५. दुसऱ्या गावचे काजवे पकडून आणून सोडू नयेत. प्रत्येक प्रजातीची प्रकाशाची खूण व गरज निराळी असते. आहे त्या वंशाला जागा देणे हाच खरा उपाय होय.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी मृगाच्या सुमारास शाळेतील मुलांना बरोबर घेऊन एका ठराविक बांधावर, ठराविक वेळी, विजेरी न लावता काजवे मोजावेत व दरवर्षी नोंद ठेवावी. पाहणाऱ्यांनी पायवाट सोडू नये, कारण मादी पायाखाली सापडते. भंडारदऱ्यासारख्या ठिकाणी पर्यटकांची गर्दी व वाहनांचे दिवे यांमुळे हा धोका विशेष वाढला आहे.

नावड्याच्या शिवारात पुढे किती खाचरे राहतील, हे एका शेतकऱ्याच्या हाती नाही. आपला बांध मात्र त्याच्या हाती आहे. तो हिरवा व अंधारा राहिला, तर काजव्यांच्या वंशाला तेथे थारा मिळेल.