छेदाशिवाय आकडा नको
लेखमाला : संस्था आणि निधी – लेखांक ७

मागच्या लेखांकात आपण प्रस्तावातला ‘समस्या’ हा भाग पाहिला. त्या भागात आणि पुढे जवळजवळ प्रत्येक पानावर जे आकडे येतात, त्यांच्याविषयी आज लिहितो.

रायपूर आणि आसपासच्या लहान संस्थांच्या प्रस्तावांत एक वाक्य हटकून भेटते : ‘आजवर ५,००० हून अधिक लाभार्थींपर्यंत संस्था पोहोचली आहे.’ वाक्य खरे असते आणि त्यामागचे कष्टही खरे असतात. तरी निधी देणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. पाच हजार, पण कितींपैकी? एकच बाई चार शिबिरांना आली असेल, तर ती एकदा मोजली की चारदा? आणि पोहोचलो म्हणजे नेमके काय झाले? शाळेत अपूर्णांक शिकताना अंश वर आणि छेद खाली लिहायची सवय आपल्याला लावलेली असते. प्रस्ताव लिहायला बसलो की अंश तेवढा ठळक अक्षरांत येतो आणि छेद गळून पडतो. मी कुठलाही प्रस्ताव हातात घेतला की आधी छेद शोधतो. तो सापडला, तर पुढचे सगळे विश्वासाने वाचता येते.

छेद कसा लिहावा याचा उत्तम नमुना आपल्या शेजारीच आहे. राजनांदगावहून दक्षिणेला मोहला-मानपूर ओलांडले की गडचिरोली जिल्हा लागतो. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने तिथे नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा जो प्रयोग केला, तो आता जगभर शिकवला जातो. प्रयोगाची कीर्ती सर्वांना ठाऊक आहे. मला इथे त्याच्या हिशेबाबद्दल बोलायचे आहे. काम सुरू होण्याआधीच, १९९३ ते १९९५ या काळातले मृत्युदर त्यांच्याकडे मोजून तयार होते. ३९ गावांत गावातल्याच शिकलेल्या स्त्रियांना प्रशिक्षण देऊन काम सुरू झाले, आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. तिथे हा कार्यक्रम नव्हता, पण मोजणी होती. सुरुवातीला दोन्हीकडची स्थिती सारखीच होती : जन्मलेल्या दर हजार बाळांमागे पहिल्या महिन्यातले मृत्यू एकीकडे ६२, दुसरीकडे ५८ च्या आसपास. कार्यक्रमाच्या तिसऱ्या वर्षी ३९ गावांत हा दर २५.५ वर आला. ४७ गावांत तो ५९.६ होता. १९९९ च्या डिसेंबरमध्ये हे सगळे ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले.

ती ४७ गावे नसती तर काय झाले असते, याचा विचार करा. ‘मृत्युदर ६२ वरून २५.५ वर आला’ एवढेच लिहिले असते, तर कुणीही म्हणाले असते की रस्ते झाले, लसीकरण वाढले, पाऊसपाणी बरे झाले, म्हणून आला. शेजारच्या गावांत दर जागचा हलला नाही, हे दिसल्यावर तो प्रश्न उरला नाही.

त्याच लेखातली आणखी एक जोडी मी प्रस्ताव लिहिणाऱ्यांना आवर्जून दाखवतो. नवजात बाळाला जंतुसंसर्ग झाला तर दगावण्याचे प्रमाण उपचार सुरू होण्याआधी १६.६ टक्के होते, गावातल्या आरोग्यसेविकांनी उपचार सुरू केल्यावर २.८ टक्के झाले. आणि टक्क्यांच्या शेजारी लगेच लिहिले आहे : आधी १६३ आजारी बाळे, नंतर ७१. म्हणजे १६३ पैकी २७ आणि ७१ पैकी २. वाचणारा स्वतः भागाकार करून पाहू शकतो. आकडे लहान आहेत हे लपवलेले नाही, उलट ते समोर ठेवले म्हणूनच टक्क्यांवर विश्वास बसतो. शिवाय खर्चही त्याच पद्धतीने मांडला आहे : एका बाळामागे सुमारे ५.३ डॉलर, आणि काळजी घेतलेल्या दर १८ बाळांमागे एक मृत्यू टळला. पैसे देणाऱ्याला याहून स्पष्ट उत्तर काय हवे? २०११ मध्ये केंद्र सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत घरोघरी नवजात बाळाच्या काळजीचा कार्यक्रम देशभर घेतला, त्यामागे या हिशेबाचे बळ मोठे होते.

आपल्यापैकी बहुतेकांना ४७ गावे तुलनेला ठेवणे परवडणार नाही. पण आधी मोजणे, कितींपैकी ते लिहिणे आणि सुटून गेलेल्यांचा हिशेब देणे, हे वही-पेनाने होते.

उदाहरण घेऊ. समजा, आरंग तालुक्यातल्या काही गावांत तुमची संध्याकाळची अभ्यासिका आहे. जुलैमध्ये ६० मुले दाखल झाली. वर्षअखेर ४२ उरली आणि त्यातली ३० मुले दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचू लागली. प्रस्तावात काय लिहाल? ‘७१ टक्के मुले वाचू लागली’ असे लिहिण्याचा मोह होतो, कारण ४२ पैकी ३० म्हणजे ७१ टक्के. पण काम ६० मुलांसाठी सुरू केले होते. त्या हिशेबाने निम्मी वाचू लागली. माझा आग्रह असा की दोन्ही लिहा, आणि मधली १८ मुले कुठे गेली तेही लिहा. हजेरीपटात दाखल झाल्याची तारीख असते. ‘गेल्याची तारीख’ आणि ‘कारण’ असे दोन रकाने वाढवा. छत्तीसगडमध्ये त्या रकान्यात काय भरले जाईल याचा अंदाज आहे. धानाची कापणी, मळणी झाली की कुटुंबे वीटभट्ट्यांवर, कधी दुसऱ्या राज्यांत, निघतात. इथले लोक त्याला ‘पलायन’ म्हणतात. अठरापैकी तेरा मुले नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये गेली असतील, तर तुमचा पुढचा प्रस्ताव जास्त पुस्तकांसाठी नसावा. त्या पाच-सहा महिन्यांत मुलांना गावात ठेवणाऱ्या वसतिगृहासाठी किंवा भट्टीवरच्या वर्गासाठी असावा. जो आकडा लपवावासा वाटत होता, तोच कामाची पुढची दिशा सांगतो. असा प्रस्ताव वाचणाऱ्याला लगेच समजते की लेखकाला गाव कळले आहे.

वाचनाची पातळी मोजायला ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ सर्वेक्षणातली चाचणी बरी : अक्षर, शब्द, सोपा उतारा, गोष्ट. एका मुलामागे काही मिनिटे लागतात. पण एक सावधगिरी हवी. ‘असर’चे सर्वेक्षण ग्रामीण भागाचे असते. रायपूर शहरातल्या वस्तीसाठी निधी मागताना त्यातला राज्याचा आकडा समस्येच्या परिच्छेदात चिकटवू नका. चाचणी वापरा, आकडा स्वतःचा काढा.

सरकारी आकड्यांबाबत रायपूरकरांना एक खास खड्डा आहे. २०११ च्या जनगणनेतल्या रायपूर जिल्ह्याची लोकसंख्या ४० लाखांहून अधिक आहे. पण त्या रायपूरमध्ये बलौदा बाजार आणि गरियाबंदही होते. जानेवारी २०१२ मध्ये ते वेगळे जिल्हे झाले. आजच्या हद्दीतल्या रायपूरचा २०११ चा आकडा २१ लाखांच्या घरात जातो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची चौथी फेरी (२०१५-१६) जुन्या जिल्ह्यांप्रमाणे झाली, पाचवी (२०१९-२१) नव्या जिल्ह्यांप्रमाणे. दोन्ही पत्रके शेजारी ठेवून ‘रायपूर जिल्ह्यात इतकी सुधारणा’ असे लिहिले, तर दोन वेगळ्या प्रदेशांची तुलना होते. नाव एक, छेद दोन. नवे जिल्हे झालेल्या भागात काम करणाऱ्या प्रत्येकाने आकडा उतरवण्याआधी नकाशा पाहावा.

राज्यपातळीवर तुलना चालते, पण तिथेही सोयीचा तेवढा आकडा उचलू नये. छत्तीसगडमध्ये वयाच्या मानाने उंची कमी असलेल्या पाच वर्षांखालच्या मुलांचे प्रमाण चौथ्या फेरीत ३७.६ टक्के होते, पाचव्या फेरीत ३४.६ झाले. त्याच काळात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमधला रक्तक्षय ४७ टक्क्यांवरून ६०.८ वर गेला. पहिला आकडा दिलासा देतो, दुसरा काळजी वाढवतो. पोषणावरच्या प्रस्तावात दोन्ही हवेत. आणि जिल्ह्याचे पत्रक निवडक घरांवरून बनलेले असते. ते तुमच्या गावाबद्दल काही सांगत नाही, हेही लक्षात असू द्या.

मग गावाचा छेद कुठून आणायचा? छत्तीसगडमध्ये यासाठी देशाच्या आधी सुरू झालेली एक व्यवस्था आहे. राज्य होऊन दोनच वर्षे झाली असताना, २००२ मध्ये, वस्तीतल्याच आरोग्यसेविकांचा मितानिन कार्यक्रम सुरू झाला. पुढे २००५ मध्ये देशभर आलेल्या आशा योजनेला त्याचा आधार मिळाला. मितानिन गावाऐवजी पाऱ्याची असते, म्हणजे आपण ज्याला पाडा किंवा वस्ती म्हणतो त्याची. त्यामुळे कोणत्या घरी गरोदर बाई आहे, कुठले बाळ अशक्त आहे, हे तिला घरनिहाय माहीत असते. तिच्याशी आणि अंगणवाडी कार्यकर्तीशी बसून पाऱ्यातली सगळी घरे एकदा लिहून काढा. ‘पाऱ्यात सहा वर्षांखालची ४६ मुले, त्यांपैकी ३८ आमच्याकडे येतात’ असे लिहिता आले, तर उरलेली आठ कोण, हा प्रश्न तुम्हीच स्वतःला विचाराल. बहुधा ती सर्वांत गरीब घरांतली किंवा गावाच्या टोकाला राहणारी निघतात. संस्था त्यांच्यासाठीच असते, आणि नुसत्या ‘३८ लाभार्थी’ या शब्दांत ती दिसत नाहीत.

कंपन्यांच्या निधीबद्दल थोडक्यात. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. उरला-सिलतराच्या कारखान्यांमुळे रायपूरच्या संस्थांची पहिली धाव तिकडेच असते. २०२१ पासून मोठ्या निधीच्या कंपन्यांना, म्हणजे ज्यांचे सामाजिक दायित्व सरासरी दहा कोटी किंवा त्याहून अधिक आहे त्यांना, एक कोटी किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांचे स्वतंत्र संस्थेकडून प्रभाव-मूल्यमापन करून घ्यावे लागते. तुमचा प्रकल्प पाच लाखांचा असला तरी त्या कंपनीतला अधिकारी आता तेच प्रश्न विचारतो : आधी काय होते, नंतर काय झाले, कितींपैकी. मूल्यमापन करणारे काम संपल्यानंतर येतात आणि सुरुवातीची मोजणी मागतात. ती मागाहून तयार करता येत नाही. म्हणून निधी मंजूर होण्याची वाट न पाहता मोजणी आजच करून ठेवा; मोजणीचा खर्चही अंदाजपत्रकात वेगळी ओळ म्हणून दाखवा.

एक गोष्ट मात्र आकड्यांइतकीच जपायला हवी. ज्या घराची माहिती लिहिता, त्या घराला ती कशासाठी आणि कुणाला दाखवणार हे सांगून संमती घ्या. आजार, कर्ज, मुलीचे वय, नवऱ्याची दारू, हे सगळे त्या वहीत येते. वही कार्यालयात कुलपात असावी, आणि प्रस्तावासोबत जाणाऱ्या तक्त्यात नावाऐवजी क्रमांक असावा. देणाऱ्याने नावांची यादी मागितली तरी थेट देऊ नका. पडताळणीसाठी गावात यायचे निमंत्रण द्या. नीट काम पाहणारे देणगीदार हे मान्य करतात.

पुढच्या आठवड्यात अंदाजपत्रक : एका मुलामागचा खर्च काढताना कार्यकर्त्यांचे मानधन आणि प्रवास कुठे धरायचे.