जुन्या घरसामानाचे न दिसणारे गिऱ्हाईक

शिरोळ तालुक्यातील श्रीक्षेत्र नृसिंहवाडी येथे कृष्णा व पंचगंगा या नद्यांचा संगम झाला आहे. पावसाळ्यात नदीचे पाणी दत्तमंदिरात शिरते, पादुकांना स्पर्श करून दक्षिण द्वारातून बाहेर पडते आणि हा दक्षिणद्वार सोहळा साधण्यासाठी भाविकांची रीघ लागते. पाणी याहून चढले की उत्सवमूर्ती नारायणस्वामींच्या मंदिरात नेली जाते आणि ग्रामस्थ आपले चीजवस्तू माळ्यावर चढवू लागतात. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांच्या महापुरांनी तर माळेही सुरक्षित ठेवले नाहीत. पूर ओसरल्यावर घराघरांत एकच दृश्य असते. भुशाच्या फळ्यांची नवी कपाटे फुगून फुटलेली असतात, आणि आजोबांच्या काळचे सागवानी फडताळ मात्र धुऊन पुसून पुन्हा उभे राहते.

अशा टिकाऊ वस्तूंना आज चांगली मागणी आहे. शिसवी कपाट, कड्यांचा झोपाळा, माच, चौरंग, यात्रेकरूंच्या मुक्कामासाठी घेतलेले जादा पलंग, अशा अनेक वस्तू मुले नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईस गेल्यावर किंवा घर नव्याने बांधताना विकावयास निघतात. पूर्वी असा सौदा ओळखीच्या सुतारामार्फत किंवा शेजाऱ्यापाजाऱ्यांत होई. आता वस्तूचे छायाचित्र भ्रमणध्वनीवरून खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर टाकले जाते. त्यामुळे गिऱ्हाइकांचे क्षेत्र वाढले, विक्रेत्यास भावही बरा मिळू लागला. परंतु गिऱ्हाईक कोण, हे पाहण्याची सोय मात्र त्याबरोबर नाहीशी झाली. नेमक्या याच उणिवेवर फसवणुकीचा एक मोठा धंदा उभा राहिला आहे.

घासाघीस न करणारा खरेदीदार

समजा, वाडीतील एका कुटुंबाने शिसवी कपाटाची जाहिरात दिली आणि बारा हजार रुपये किंमत लिहिली. अर्ध्या तासात दूरध्वनी येतो. बोलणारा नम्र असतो. आपण सैन्यात असून बेळगावी बदली झाली आहे, कपाट पसंत आहे, सैन्याची गाडी येऊन घेऊन जाईल, असे तो सांगतो. पाठोपाठ गणवेशातील छायाचित्र आणि ओळखपत्राची प्रतही येते. किमतीविषयी तो चकार शब्द काढीत नाही.

या बतावणीची निवड विचारपूर्वक केलेली असते. बेळगाव हे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आहे, आणि शिरोळ तालुक्यातच सैनिक टाकळीसारखे घरोघरी सैनिक देणारे गाव आहे. गणवेशाविषयी या भागात असलेला आदर हेच ठकाचे भांडवल होय. खरा सैनिक आपले ओळखपत्र अनोळखी माणसास दूरध्वनीवरून पाठवीत नाही, आणि कपाट नेण्यासाठी सैन्याच्या वाहनाचा हवालाही देत नाही. पाठविलेली ओळखपत्रे बहुधा बनावट तरी असतात किंवा दुसऱ्याच कोणाची चोरलेली असतात.

त्याहून मोठी खूण किमतीत आहे. जयसिंगपूर, इचलकरंजी किंवा सांगलीचा माणूस जुने कपाट घेताना बिजागरी हलवून पाहतो, वाळवी लागली आहे काय हे तळाशी वाकून तपासतो, आणि मग हजार-दोन हजार उतरवून मागतो. मण-दोन मण वजनाची वस्तू न पाहता, वाहतुकीचा भार सोसून, मागेल त्या किमतीस घेण्याची तयारी दाखविणारा खरेदीदार व्यवहारात आढळत नाही. जो घासाघीस करीत नाही, त्याला कपाट नकोच असते.

पैसे येतात, असे भासवून पैसे नेण्याची रीत

यानंतर मुख्य प्रयोग सुरू होतो. ‘खाते बरोबर आहे काय, ते पाहू’ असे म्हणून पाच-दहा रुपये विक्रेत्याच्या खात्यात प्रत्यक्ष जमा केले जातात. विश्वास बसतो. मग बारा हजारांचा एक क्यूआर कोड, म्हणजे काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन, पाठविला जातो. ‘हा टिपून घ्या आणि पिन क्रमांक टाका, रक्कम जमा होईल,’ असे सांगण्यात येते. विक्रेता पिन टाकतो आणि बारा हजार रुपये जमा होण्याऐवजी त्याच्याच खात्यातून वजा होतात. पलीकडील माणूस गडबडून गेल्याचे दाखवितो, चूक झाल्याचे सांगतो आणि ‘परतफेडीसाठी’ दुसरा कोड पाठवितो. घाबरलेला विक्रेता तोही टिपतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये दिल्लीच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या कुटुंबात जुना सोफा विकताना ३४ हजार रुपये गेले, ते याच रीतीने, दोन हप्त्यांत. तेव्हा अशी फसवणूक अडाणीपणामुळे होते, हा समज चुकीचा आहे.

यूपीआय ही व्यवस्था २०१६ मध्ये सुरू झाली. तिचे एकच तत्त्व नीट ध्यानी घेतल्यास हा सारा प्रयोग फसतो. यूपीआयचा पिन क्रमांक हा धनादेशावरील सहीसारखा आहे. धनादेश देणारा सही करतो. ज्याच्या नावे पैसे यावयाचे आहेत त्याला रक्कम खात्यात यावी म्हणून अशी सही करावी लागत नाही. त्याचप्रमाणे यूपीआयवर पैसे घेणाऱ्यास पिन टाकावा लागत नाही, कोणताही कोड टिपावा लागत नाही आणि कोणत्याही दुव्यावर बोट ठेवावे लागत नाही. त्याने फक्त आपला यूपीआय पत्ता किंवा आपला स्वतःचा कोड खरेदीदारास द्यावयाचा असतो. क्यूआर कोडमध्ये काही जादू नाही. पैसे कोणाकडे जावयाचे आहेत त्याचा पत्ता, आणि कधी कधी रक्कम, एवढेच त्यात लिहिलेले असते. दुसऱ्याने पाठविलेला कोड टिपणे म्हणजे त्याच्या नावाचा धनादेश स्वतःच्या हाताने भरणे होय.

पूर्वी ठक पैशांची ‘मागणी’ पाठवून तिला जमा रकमेचे रूप देत. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्ती-व्यक्तींमधील अशा मागण्या पाठविण्याची सोय बंद केली. त्यामुळे एक वाट बुजली. कोडची वाट मात्र उघडीच आहे.

ज्यांना कोडचा प्रकार ठाऊक झाला आहे, त्यांच्यासाठी निराळी युक्ती योजतात. ‘तुमच्या खात्यात १२,००० जमा’ असा बँकेसारखा दिसणारा लघुसंदेश येतो, किंवा पंधराशेऐवजी पंधरा हजार चुकून पाठविल्याचे सांगून जादा रक्कम परत मागितली जाते. रक्कम मुळात आलेलीच नसते. क्वचित खरेदीदार दारात येऊनही बनावट अॅपच्या पडद्यावर ‘रक्कम पाठविली’ अशी हिरवी खूण दाखवितो. संदेशावर किंवा दुसऱ्याच्या पडद्यावर विसंबून वस्तू देऊ नये. आपल्या बँकेच्या अॅपमध्ये स्वतः शिल्लक पाहावी. रक्कम दिसेपर्यंत कपाट उंबऱ्याबाहेर जाऊ देऊ नये. वाहतुकीची पावती म्हणून पाठविलेली फाइल उघडणे किंवा ‘मदतीसाठी’ आपला पडदा दुसऱ्यास दिसू देणारे अॅप घेणे हे तर घराची किल्ली देण्यासारखे आहे.

समोरासमोर सौदा

नृसिंहवाडीसारख्या गावी बचावाचा मार्ग सोपा आहे, कारण खरी गिऱ्हाइके तासाभराच्या अंतरावर असतात. पौर्णिमेची किंवा शनिवारची गर्दी टाळून त्यांना दिवसाउजेडी घरी बोलवावे. घरात दुसरे माणूस असावे. जाहिरातीच्या छायाचित्रात घराचा पत्ता, देव्हाऱ्यातील चांदी किंवा इतर मौल्यवान वस्तू दिसू नयेत. कपाट देण्यापूर्वी चोरकप्पा आणि खण उघडून पाहावेत; जुन्या कपाटांतून जमिनीचे कागद जाणे ही हानी कपाटाच्या किमतीहून मोठी ठरते.

रोख रक्कम घेतल्यास हिशेब तेथेच मिटतो. यूपीआयने घ्यावयाची असल्यास पैसे पाठविणाऱ्या खात्याचे नाव आणि समोर उभ्या असलेल्या माणसाचे नाव जुळते काय, हे पाहावे. यामागे एक कारण आहे, ज्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. अन्य कोणाच्या फसवणुकीतून आलेला पैसा एखाद्या प्रामाणिक विक्रेत्याच्या खात्यात आला, तर तपासात ती रक्कम, प्रसंगी खातेही, गोठविले जाते. वस्तू देऊनही विक्रेत्यास बँकेच्या आणि पोलिसांच्या फेऱ्या माराव्या लागतात. खरेदीदाराचे नाव, दूरध्वनी क्रमांक, वस्तू, किंमत व दिनांक लिहिलेली साधी पावती अशा वेळी उपयोगी पडते.

पहिला तास

रक्कम गेलीच, तर लाजेपोटी गप्प बसणे सर्वांत महाग पडते. गेलेली रक्कम मिनिटांत एका खात्यातून दुसऱ्या खात्यांत फिरविली जाते आणि रोखीने काढली जाते. ती वाटेत अडविण्यासाठी केंद्रीय गृह मंत्रालयाने २०२१ मध्ये बँकांना पोलिसांशी जोडणारी व्यवस्था सुरू केली; तिचा दूरध्वनी क्रमांक १९३० आहे. प्रथम १९३० वर आणि लगोलग आपल्या बँकेस कळवावे. व्यवहाराचा बारा अंकी संदर्भ क्रमांक, वेळ, रक्कम आणि ठकाचा दूरध्वनी क्रमांक जवळ ठेवावा. राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळावरही तक्रार करता येते. संभाषण पुसून टाकू नये. तोच पुरावा आहे. बँकेचा क्रमांक इंटरनेटवर शोधू नये, तेथे ठकांनीच पेरलेले क्रमांक सापडतात; पासबुकावर किंवा कार्डाच्या मागे छापलेला क्रमांक वापरावा. ‘गेलेले पैसे मिळवून देतो’ म्हणून शुल्क मागणारा मनुष्य हा दुसरा ठक समजावा.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खाली फसवून मालमत्ता उकळणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० चे कलम ६६-ड तोतयेगिरीने केलेल्या अशा फसवणुकीस लागू पडते. त्यात तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. ठक बहुधा परप्रांतातून बोलत असतो. एप्रिल २०२३ मध्ये हरियाणा पोलिसांनी नूह जिल्ह्यातील चौदा गावांवर एकाच वेळी धाडी घातल्या, तेव्हा देशभरातील तक्रारींचे धागे तेथे जुळले. यास्तव गुन्हा कोठे घडला या प्रश्नावर अडून न बसता, हद्दीचा विचार न करता जवळच्या पोलीस ठाण्यात फिर्याद देता येते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तशी तरतूद आहे. फिर्याद इलेक्ट्रॉनिक साधनाने पाठविल्यास तीन दिवसांच्या आत ठाण्यात जाऊन तिच्यावर सही करावी लागते.