मशीन अडलं? आधी यादी पाहा

दहावीचा निकाल लागला की माणगावच्या सेवा केंद्रांत दाखल्यांसाठी रांग लागते. नेमका तेव्हाच संगणक रडतखडत चालू लागला, तर दोष इंटरनेटचा धरला जातो. पुष्कळदा तो पडद्यामागे चाललेल्या कामांचा असतो.

विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. मायक्रोसॉफ्टचे अभियंता डेव्ह प्लमर यांनी लिहिलेला हा प्रोग्राम १९९६ साली विंडोज एनटी ४.० सोबत आला. त्यात सीपीयू, मेमरी, डिस्क असे रकाने असतात. ज्या रकान्याच्या मथळ्यावर क्लिक करावं, त्यातला सर्वांत खादाड प्रोग्राम वर येतो.

जुन्या हार्ड डिस्कच्या मशीनवर सीपीयू निवांत आणि डिस्क मात्र १०० टक्के, हे चित्र नेहमीचं. मुळाशी बहुधा विंडोज अपडेट, सर्च इंडेक्सर किंवा अँटिव्हायरसची तपासणी सापडते. पावसाळ्यात वीज गेली, मशीन दोन-चार दिवस बंद राहिलं, की सुरू होताच ही तुंबलेली कामं एकदम अंगावर येतात. थोडा दम धरला तर ती आपोआप उरकतात.

अँटिव्हायरस मात्र कधीही बंद करू नये! 'स्टार्टअप' भागातले नको असलेले प्रोग्राम 'डिसेबल' करावेत. पुढच्या वेळी मशीन लवकर सुरू होतं. यादीत अनोळखी नाव दिसलं, तर 'एंड टास्क' करण्याआधी त्यावर राइट क्लिक करून ती फाइल कुठल्या फोल्डरात आहे ते पाहावं.