पित्याची चाल, पुत्राची तबकडी

प्रतिवर्षी २ ऑक्टोबर रोजी आपल्या सिल्लोडच्या शाळांतून ‘रघुपति राघव राजाराम’ ही धून म्हटली जाते. तिचे शब्द बहुतेक विद्यार्थ्यांस मुखोद्गत आहेत. परंतु तिची चाल कोणी बसविली असे विचारले असता क्वचितच उत्तर मिळते. ती चाल पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांची, असे संगीताच्या जाणकारांत मानले जाते. पुढे त्यांचेच चिरंजीव दत्तात्रेय विष्णु पलुसकर या विख्यात गायकाने ती धून तबकडीवर गायिली. पित्याची रचना पुत्राच्या कंठातून घरोघरी कशी पोहोचली, हे येथे थोडक्यात सांगण्याचा आमचा हेतू आहे.

विष्णु दिगंबरांचा जन्म १८७२ साली कुरुंदवाड येथे झाला. त्यांचे वडील कीर्तनकार होते. बालपणी फटाक्याच्या दारूने डोळ्यांस इजा होऊन दृष्टी अधू झाली व शालेय शिक्षण खुंटले, तेव्हा त्यांस मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गायन शिकण्यास धाडण्यात आले. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापिले. गुरुगृही वर्षानुवर्षे सेवा करून जी विद्या कणाकणाने मिळावयाची, ती वर्गात, फळ्यासमोर, ठराविक अभ्यासक्रमाने मिळू लागली. याकरिता त्यांनी स्वतःची स्वरलेखनपद्धती रचिली. तीत सम ‘१’ या आकड्याने व खाली ‘+’ या चिन्हाने दर्शवितात. पंडित भातखंडे यांच्या पद्धतीत हीच स्थाने अनुक्रमे ‘×’ व ‘०’ अशी लिहितात. ज्या पुरुषास वाचणे कष्टाचे होते, त्यानेच गाणे कागदावर आणावे, याचे आम्हांस नेहमीच नवल वाटते.

रामधुनीची चाल सोपी आहे म्हणून ती सामान्य, असे कोणी म्हणेल. आमचे मत निराळे आहे. एकाने ओळ म्हणावी, समुदायाने ती उचलावी, पावले चालत राहावी, आणि ज्याने आयुष्यात कधी तंबोरा पाहिला नाही त्यासही ती बेसूर न होता म्हणता यावी, अशी चाल बसविणे मोठा ख्याल रचण्याहून सोपे खास नव्हे. विष्णु दिगंबरांचे शिष्य पंडित नारायण मोरेश्वर खरे हे साबरमती आश्रमात प्रार्थनेचे गायन चालवीत. १९३० च्या मार्च महिन्यात निघालेल्या दांडीयात्रेत तेही होते, व ही धून त्या यात्रेबरोबर चालली. (आमच्या ख्रिस्ती मंडळीत रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग व कीर्तन उपासनेत आणिले, तेही लोकांच्या ओठी बसेल असे गाणे हवे म्हणूनच.)

विष्णु दिगंबरांचे उत्तरायुष्य मात्र कष्टाचे गेले. कर्जापायी मुंबईच्या विद्यालयाची इमारत हातची गेली; पुढे ते नाशिकास रामनाम आधार आश्रमात राहिले. २१ ऑगस्ट १९३१ रोजी ते निवर्तले, तेव्हा दत्तात्रेय अवघा दहा वर्षांचा होता.

आता येथे विचार करावा. दहा वर्षांच्या मुलास पित्याकडून कितीसे गाणे मिळणार? परंतु पित्याने विद्या घरात कोंडून ठेविली नव्हती. ती शिष्यांस वाटली होती व लिहूनही ठेविली होती. म्हणून पुढे विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास आदी शिष्यांनी ती पुत्राच्या पदरी घातली. चौदाव्या वर्षी तो पंजाबातील हरवल्लभ संगीत संमेलनात गायिला. १९४४ साली त्याची पहिली तबकडी निघाली. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूस सुमारे साडेतीन मिनिटेच मिळत. ख्यालगायकास ती कोंडमारा वाटे; भजनास व धुनीस मात्र ती पुरत. ‘बैजू बावरा’ (१९५२) या चित्रपटात उस्ताद अमीर खाँ यांच्यासह त्यांनी गायिलेले गीत पालकांच्या स्मरणात असेल. २६ ऑक्टोबर १९५५ रोजी, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, मेंदूज्वराने त्यांचा अंत झाला.

आमच्या पालकांतही गाणी रचणारे आहेत. कोणाची आजी जात्यावरची ओवी आपल्याच वळणाने म्हणते, कोणाचे वडील भजनात नवी चाल लावतात. ती तबकडीवर जाईल न जाईल. परंतु विद्यार्थ्यांनी सुटीत घरची एक तरी चाल पेटीवर स्वर शोधून वहीत उतरवून आणावी. लिहिताना सम कोठे येते, ते प्रथम टाळीने नक्की करावे. म्हणजे पुढचे काम सुलभ होते.